वस्तू क्रमांक सात

किल्ली फिरली आणि कुलूप उघडलं.

आवाज काही मोठा झाला नाही. खुट्, एवढंच. पण कोर्टात पंधरा-वीस माणसं बसली होती, त्या सगळ्यांना तो ऐकू गेला. बचावाचा वकील उभा होता, तो सावकाश खाली बसला. पिंजऱ्यातल्या हमालानं कठड्यावरचे हात काढून घेतले. मागच्या बाकावर त्याची बहीण होती. तिनं आधी कुलपाकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि मान खाली घातली.

"किल्ली चालते. नोंद घ्या," न्यायाधीश म्हणाले. त्यांचाही आवाज दमलेला होता. "निकाल दुपारी तीनला. दोषी ठरला तर शिक्षेबद्दलही आजच ऐकून घेऊ. बरीच जुनी केस आहे."

शिरस्तेदारबाईंनी नोंद घेतली. एकतीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; बाई रोज बावन्न चढत होत्या, त्याही दुखऱ्या गुडघ्यांनी. पूर्वी हे कोर्ट तळमजल्यावर होतं, तेव्हा बरं होतं. तीन महिन्यांपूर्वी वरच्यांच्या मनात आलं आणि चार नंबरचं कोर्ट उचलून दुसऱ्या मजल्यावर आणलं, त्याचं दोन नंबर झालं. पाटी नवी आली, शिक्का नवा आला. खुर्च्या मात्र त्याच, मोडक्या.

केस तशी सरळ होती. एका गोदामाचा पहारेकरी मेलेला सापडला होता, डोक्यावर मार लागून. माल गायब. गोदामाचं कुलूप न फोडता उघडलेलं. म्हणजे ज्याच्याकडे किल्ली, तो खुनी. तिथल्याच एका हमालाच्या खिशात किल्ली सापडली, त्याच कंपनीची, तेवढीच लांब. झालं! हमाल सांगत राहिला, ही माझ्या घराची किल्ली आहे म्हणून. तपास अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं आणि विसरून गेला.

जामीन तीनदा मागितला, तीनदा फेटाळला. कारण दर वेळी तेच: आरोपीच्या खिशात किल्ली मिळाली आहे. दोन वर्षं सात महिने हमाल आत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्जाच्या मधे त्याची आई गेली.

गंमत म्हणा नाहीतर लाज म्हणा, इतक्या दिवसांत ती किल्ली त्या कुलपाला कुणी लावून पाहिलीच नव्हती. कोर्टाची रीतच तशी आहे. साक्षीदारासमोर पुडकं उघडायचं, "हीच ती वस्तू का?" विचारायचं, तो "हो" म्हणाला की पुन्हा बांधून लाख लावायची. वस्तूचं काम ओळख पटवण्याचं, चालण्याचं नाही. आधीच्या दोन वकिलांना यात काही वावगं दिसलं नाही. हा तिसरा, फुकट मदतीचा, दम्याचा रोगी. त्यानं अधिकाऱ्याच्या साक्षीतलं एक वाक्य वाचलं, "किल्ली लावून पाहिली नाही, कंपनी एकच होती," आणि काल संध्याकाळी अर्ज दिला. साहेबांनी आजची सकाळ दिली.

आणि किल्ली चालली. हात दाखवून अवलक्षण झालं.

कोर्ट उठलं. बाईंनी चहा मागवला आणि सकाळचा कागद पक्का लिहायला घेतला. पुडकं फोडण्यापूर्वी त्यावरच्या लाखेचं वर्णन लिहायचं असतं. ते त्यांनी झोपेतही लिहिलं असतं. सकाळी तसंच लिहिलं होतं:

वस्तू क्रमांक तीन, कुलूप. लाख शाबूत. शिक्का: कोर्ट क्रमांक चार.

वस्तू क्रमांक सात, किल्ली. लाख शाबूत. शिक्का: कोर्ट क्रमांक दोन.

दुसरी ओळ उतरवताना त्यांचा हात थांबला. कुलूप आणि किल्ली, दोन्ही पुडकी अकरा महिन्यांपूर्वी एकाच दिवशी, एकाच साक्षीदारासमोर उघडली होती. बांधलीही बाईंच्याच समोर. तेव्हा कोर्ट चार नंबरचं होतं. दोन नंबरचा शिक्का तर जन्मालाच आला नव्हता.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. चहा तसाच राहिला.

सातवं पुडकं मधे कुणीतरी उघडलं होतं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा. पहिला संशय ज्यांच्यावर जायचा त्यांच्यावरच गेला, पोलिसांवर. काल संध्याकाळी अर्ज मंजूर होतो, आज सकाळी किल्ली चालते. मधे केस पडू नये असं ज्याला वाटतं त्यानं काम केलं असणार. पोलिसांतर्फे कोर्टाचं काम पाहणारा हवालदार जिन्यात उभा होता. बाईंनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"सातवं पुडकं माझ्या टेबलावर कुणी आणलं?"

"मी. नानांनी मुद्देमालाच्या खोलीतून काढून दिलं, मी आणलं."

"कधी?"

"साडेदहाला."

"काल कोर्ट सुटल्यावर तू कुठं होतास?"

"बाई, मला आरोपी करताय काय?"

"विचारलं तेवढं सांग."

"घरी. मुलीची परीक्षा आहे, तिची आई मला बाहेर सोडत नाही."

"पुडकं हातात घेतलंस तेव्हा कसं होतं?"

"कसं म्हणजे? धुळीनं माखलेलं. हा बघा, शर्टाला डाग पडलाय."

"लाखेवर पण धूळ?"

"लाखेवर तर जास्तच. शिक्क्याच्या खाचांत बसली होती. मी नखानं उकरली, तेव्हा कुठं आकडा दिसला. का हो? काही चुकलं का?"

"तू या कोर्टात येऊन किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"जा, जेवून घे," बाई म्हणाल्या.

एका रात्रीत लाखेच्या खाचांत एवढी धूळ बसत नाही. म्हणजे पुडकं काल बांधलेलं नव्हतं. अर्जाशी त्याचा संबंध नव्हता, हवालदाराशी तर नव्हताच. नवा शिक्का आल्यावर लगेच, तीनेक महिन्यांपूर्वी, ते पुन्हा बांधलं गेलं होतं. तेव्हा या किल्लीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. मग कुणी आणि कशाला? तीन महिन्यांपूर्वी कोर्टात एकच गोष्ट घडली होती: सामान वर आलं होतं.

बाईंना उत्तर दिसायला लागलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

मुद्देमालाच्या खोलीत नाना पंख्याखाली डबा उघडून बसले होते. नाना म्हणजे मुद्देमालाचे कारकून. चौतीस वर्षं नोकरी, चार महिने बाकी. बाईंचे यजमान दवाखान्यात होते तेव्हा महिनाभर बाईंचं काम नानांनी उरकलं होतं, आणि त्याचा उल्लेखही नंतर कधी केला नव्हता. असल्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"या बाई. जेवलात का?"

"नाना, त्या हमालाच्या केसमधलं चार नंबरचं पुडकं द्या."

नानांचा घास हातातच राहिला. "चार कशाला? हुकूम तीन आणि सातचा होता."

"द्या तर."

शेकडो पुडक्यांतून हवं ते पुडकं डोळे मिटून काढणारा माणूस, पण आज त्यांना दहा मिनिटं लागली. बाई उभ्याच होत्या. शेवटी पुडकं हातात आलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. लाख शाबूत. शिक्का: कोर्ट क्रमांक दोन.

"हे कधी बांधलंत?"

नाना फळीवरची पुडकी सारखी करू लागले.

"नाना, चार नंबरमधे काय आहे, तुम्हाला माहीत आहे. मालकाची जादा किल्ली. त्या कुलपाची दुसरी. चार आणि सात, दोन्ही पुडकी तुम्ही परत बांधलीत, आणि दोन्हींत किल्ल्या. उगाच?"

"बाई, मला चार महिने राहिलेत."

"आणि त्याला? तीन वाजता साहेब जन्मठेप सांगतील."

"त्यानं खून केला असेल तर भोगायलाच पाहिजे."

"आणि केला नसेल तर?"

नानांनी डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ ते झाकण नीट बसत नव्हतं.

"तुमची पण सही आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सामान हलवलं त्या यादीवर. 'सर्व पुडकी तपासली, लाख शाबूत.' मी नाही लिहिलं ते, तुम्ही लिहिलंय. शिक्कासुद्धा तुम्हीच दिलात. मी म्हटलं, दोन पुडक्यांची लाख उडालीय, तर तुम्ही शिक्क्याच्या कपाटाची किल्लीच माझ्या हातात दिलीत. झाकली मूठ राहू द्या, बाई. दोघांचीही."

बाईंना ती दुपार आठवली. त्या दिवशी गुडघा सुजला होता, दोनशे दहा पुडक्यांची यादी समोर होती, आणि त्यांनी एकही पुडकं न पाहता सही ठोकली होती. घरी जायचं होतं, दुसरं काही नाही. मग नानांनी त्या दोन पुडक्यांचं काय झालं ते सगळं सांगितलं. बाईंना नानांचा राग आला, त्याहून स्वतःचा आला, आणि राग धरायलाही अंगात त्राण नव्हतं.

अडीच वाजता त्यांनी साहेबांच्या खोलीचं दार लोटलं.

"साहेब, निकालाआधी मला साक्ष द्यायची आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्हाला? कोणाच्या बाजूनं?"

"अजून माहीत नाही, साहेब. एक किल्ली लावून पाहिली की कळेल."

तीनला कोर्ट भरलं. एकतीस वर्षांत बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पहिल्यांदा उभ्या राहिल्या. शपथ त्यांना पाठ होती; हजारोंना त्यांनीच दिली होती. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, साहेबांनी ती लिहून घेतली आणि बाजूला ठेवली.

"सांगा," साहेब म्हणाले.

"सकाळी जी किल्ली चालली, ती आरोपीच्या खिशातली असं आपण धरलं. कारण ती सात नंबरच्या पुडक्यातून निघाली. पण त्या पुडक्यावर नव्या शिक्क्याची लाख होती. अकरा महिन्यांपूर्वी बांधलेल्या पुडक्यावर जुना शिक्का हवा. कुलपाच्या पुडक्यावर तो आहे."

"म्हणजे पुडकं मधे फोडलं गेलं. कुणी?"

"फोडलं नाही, साहेब. फाटलं. सामान वर आणताना पेट्या दोन दिवस जिन्याखाली ओल्या फरशीवर होत्या. तळाची दोन पुडकी कुजून फाटली, चार आणि सात. दोन्हींतून एकेक किल्ली बाहेर आली. एकाच कंपनीच्या, सारख्याच लांबीच्या. कोणती कोणाची, हे सांगणारं काही उरलं नाही. त्याच वेळी साहेबांना कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर कोर्टानं त्याच दिवशी शहानिशा केली असती. ते न करता अंदाजानं एक किल्ली चारमधे घातली, एक सातमधे, आणि नवा शिक्का मारला."

"हे कुणी केलं?"

बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या नानांकडे पाहिलं. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मुद्देमालाच्या कारकुनांनी. शिक्का मी दिला, आणि सगळं ठीक असल्याची सही मी केली. काही न पाहता."

सरकारी वकील उठले. "पण साहेब, यानं काय सिद्ध होतं? अंदाज बरोबरही असेल. सातमधली किल्ली आरोपीचीच असेल."

"असेल," बाई म्हणाल्या. "म्हणून चार नंबर उघडा. मालकानं आपली जादा किल्ली घटनेच्या सकाळी पंचांसमोर त्या कुलपाला लावून दाखवली होती. ते पंचनाम्यात आहे, सह्यांसकट. म्हणजे या दोन किल्ल्यांपैकी मालकाची किल्ली चालणार, यात शंका नाही. आरोपी गुन्हेगार असेल तर त्याच्याकडचीही चालायला पाहिजे, म्हणजे दोन्ही चालतील. दोन्ही चालल्या तर माझं बोलणं फुकट गेलं. पण एकच चालली, तर चालली ती मालकाची. आणि न चालणारी आरोपीच्या खिशातली. मग पुडक्यावर आकडा कोणताही असो."

साहेबांनी हात पुढे केला. हवालदारानं चार नंबर फोडून किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. कुलूप टेबलावर होतं. साहेबांनी स्वतः किल्ली घातली.

ती अर्ध्यातच अडली. त्यांनी काढून पुन्हा घातली, उलटी घालून पाहिली, जोर लावून पाहिला. कुलूप ढिम्म हललं नाही.

दम्याचा वकील बोलायला उठला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. हमालाची बहीण उभी होती.

"साहेब, आमच्या घराचं कुलूप आहे माझ्याजवळ."

"कुठं आहे?"

"पिशवीत. दर तारखेला आणते. कुणी विचारलं तर असावं म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

"पहिल्या वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, मधे बोलायचं नसतं."

कुलूप पुढे आलं. गंजलेलं होतं. चार नंबरच्या पुडक्यातली किल्ली त्यात जराशी कुरकुरली, आणि कुलूप उघडलं. बहीण तिथेच टेबलाला धरून रडायला लागली, आणि तिला गप्प करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

साहेबांनी नानांना पुढे बोलावलं.

"बाईंनी सांगितलं ते खरं आहे?"

"खरं आहे, साहेब."

"काल हुकूम झाला तेव्हा तुम्हाला आठवलं नाही?"

"आठवलं. रात्रभर झोप नाही आली."

"आज सकाळी कुलूप उघडलं तेव्हा तुम्ही दारात होता. तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, उघडलं म्हणजे माझा अंदाज बरोबर होता." नाना थांबले. "नाही, साहेब. तसं वाटून घेतलं. दुसरी लावून पाहायला पाहिजे, हे मला कळत होतं."

साहेब हातातल्या किल्लीकडे पाहत राहिले.

"तिसरा जामीन मी फेटाळला होता," ते म्हणाले. हे कुणाला उद्देशून होतं, कळलं नाही. आपल्या जागेवर परतलेल्या बाईंनी ते नोंदवलं नाही.

हमाल निर्दोष सुटला. पहारेकऱ्याला कुणी मारलं ते कळलं नाही; कागद पुन्हा पोलिसांकडे गेले आणि अजून तिथेच आहेत. बाईंची पगारवाढ रोखली गेली, ती त्यांनी न बोलता सोसली. नानांवर पुराव्याशी छेडछाड केल्याचा खटला शेजारच्या कोर्टात उभा राहिला. त्यांना जामीन त्याच दुपारी मिळाला. पळून जाण्यासारखा माणूस नाही, असं कारण दिलं.

पाच महिन्यांनी तारीख लागली. हमालाला साक्षीचं समन्स गेलं होतं, बाईंनाही. पण नानांनी उभं राहून गुन्हा कबूल केला, त्यामुळे साक्षी लागल्याच नाहीत. नोकरी गेलेली, पेन्शन अडकलेली, रक्तदाबाचं दुखणं, चौतीस वर्षं डाग नाही. त्यांचा वकील हे सगळं बोलला आणि त्यात खोटं काही नव्हतं. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहायचं, कोर्ट उठलं की सुटका.

अकरा वाजून दहा मिनिटांनी नाना बाकावर बसले. बाई मागं होत्या. त्यांना जायला हरकत नव्हती, पण त्यांना उठवेना. पलीकडे हमाल आणि त्याची बहीण. हमालानं शिक्षा ऐकली आणि बाईंना विचारलं, "म्हणजे आजच्या आज?"

"हो," बाई म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला. बहिणीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

दीडच्या सुमाराला नाना चुळबुळ करू लागले. ते अर्धवट उठले, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा बसले. ज्या इमारतीत चौतीस वर्षं वाटेल तिथं हिंडले, तिथं आता पाण्यापर्यंत कसं जायचं ते त्यांना कळत नव्हतं. ओठ कोरडे पडले होते. मान वळवून ते बाईंकडे पाहायला लागले, आणि बाईंनाही सुचेना.

हमाल उठला. तो नानांच्या बाकाशी जाऊन थोडा वाकला.

"असं उठायचं नाही," तो हळूच म्हणाला. "ओरडतात. हात वर करा आणि हवालदार बघेपर्यंत वरच ठेवा. बघितलं की नुसतं 'पाणी' म्हणा. जास्त बोलायचं नाही. नेतात ते."

नानांनी हात वर केला. हवालदाराचं लक्ष जायला वेळ लागला, तोवर हमाल शेजारीच उभा राहिला. मग हवालदारानं पाहिलं, नाना "पाणी" म्हणाले, आणि हवालदार त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेला.

ते परत आले तेव्हा हमाल आणि त्याची बहीण निघून गेले होते. दुपारच्या पाळीला त्याला बाजारात गाडी उतरवायची होती.